शहरी हिवताप : साठवलेल्या पाण्याचा प्रश्न

ठाणे जिल्ह्यात भाईंदर पूर्वेला असलेली जेसल पार्क ही वसाहत वसईच्या खाडीकाठी वसली आहे. भरती-ओहोटीचे पाणी, काठाचे कांदळवन आणि एकेकाळी भाईंदरला ओळख देणारी मिठागरे, अशी या परिसराची नैसर्गिक पार्श्वभूमी आहे. पावसाळा सुरू झाला, डासांचा उपद्रव वाढला आणि घरोघरी तापाचे रुग्ण दिसू लागले, की अशा खाडीकाठच्या वसाहतींत दोष बहुधा खाडीला, कांदळवनाला आणि गटारांना दिला जातो. धुराची फवारणी करावी, झुडपे तोडावीत, गटारांवर औषध टाकावे, अशा मागण्या लोकप्रतिनिधींकडे येऊ लागतात.

हा समज सर्वस्वी निराधार नाही. तथापि हिवतापापुरते बोलावयाचे, तर तो फार अपुरा आहे. जेसल पार्कसमोरची ही खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख होय. याच नदीचे गोडे पाणी वरच्या अंगाला उचलून, शुद्ध करून, नळाद्वारे मीरा-भाईंदर शहरास पुरविले जाते. नदी एकच आहे. परंतु शहरी हिवतापाच्या दृष्टीने तिच्या खाऱ्या मुखापेक्षा गच्चीवरील टाकीत किंवा दारातील पिंपात साठलेले तिचे गोडे पाणी अधिक धोक्याचे ठरते. ही गोष्ट ध्यानात येण्यास वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला. तीमागे सव्वाशे वर्षांचे संशोधन आहे आणि त्यातील महत्त्वाचा भाग महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेला आहे.

डास निराळे, पाणी निराळे

डास म्हटला की सर्वसामान्य माणसाला तो एकच प्राणी वाटतो. प्रत्यक्षात रोगप्रसाराच्या दृष्टीने डासांचे तीन प्रमुख गट आपल्या परिचयाचे असावयास हवेत. पहिला क्युलेक्स. हा गटारे, मैल्याच्या टाक्या व तुंबलेले घाण पाणी यांत वाढतो, रात्री चावतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. दुसरा एडिस. हा घरातील व घराभोवतीच्या लहानसहान पात्रांत, म्हणजे फुलदाण्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, टाकाऊ टायर, नारळाच्या करवंट्या यांत वाढतो, दिवसा चावतो आणि डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवितो. तिसरा अॅनोफिलिस. हिवतापाचा प्रसार करणारा डास हाच होय.

अॅनोफिलिसच्याही अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीची पाण्याची आवड वेगळी आहे. गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात वाहते ओढे, झरे आणि भातखाचरे यांत वाढणाऱ्या जाती हिवताप पसरवितात. मुंबई, ठाणे, पणजी यांसारख्या शहरांत हे काम मुख्यत्वे अॅनोफिलिस स्टीफेन्सी ही जात करते. तिला स्वच्छ, संथ आणि साठविलेले पाणी आवडते. विहिरी, जमिनीखालच्या व गच्चीवरच्या टाक्या, पिंपे, हौद, कारंजी, बांधकामावर पाणी मुरविण्यासाठी केलेली तळी ही तिची वसतिस्थाने. माणूस पिण्यासाठी जे पाणी जपून ठेवतो, तेच या डासाच्या पैदाशीसही योग्य ठरते.

खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात कोणतेच डास होत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. अॅनोफिलिस सबपिक्टस ही जात किनारपट्टीवर अशा पाण्यातही आढळते आणि तिच्या शरीरात मानवी हिवतापाचे जंतू असल्याचे गोव्यातील संशोधनात दिसून आले आहे. तेव्हा खाडीकाठचा भाग तपासणीतून वगळता येणार नाही. परंतु प्रथम कोठे पाहावयाचे, हा प्रश्न असेल तर त्याचे उत्तर टाकी, पिंप आणि विहीर हेच आहे. कांदळवनाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवणे जरूर आहे. कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असून मुंबई उच्च न्यायालयाने २००५ आणि २०१८ साली त्याच्या तोडीविरुद्ध स्पष्ट आदेश दिलेले आहेत. डासांचे निमित्त करून कांदळवन तोडल्याने गच्चीवरील टाकीतला डास कमी होत नाही. उलट भरतीच्या पाण्यापासून मिळणारा किनाऱ्याचा आडोसा मात्र नाहीसा होतो.

सिकंदराबाद आणि अचलपूर

हिवतापाचा जंतू फ्रेंच लष्करी वैद्य लॅव्हरान यांनी १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात पाहिला. तोपर्यंत हा रोग दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने होतो, अशी सार्वत्रिक समजूत होती. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थही ‘वाईट हवा’ असाच आहे. जंतू सापडला तरी तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कोडे कायम होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना रुग्णाचे रक्त प्यालेल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूची वाढ दिसून आली आणि कोड्याचा उलगडा होऊ लागला. या कार्याबद्दल त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

डास हा वाहक आहे, हे कळल्यावर पुढचा प्रश्न साहजिकच उभा राहिला : कोणता डास आणि तो राहतो कोठे? या प्रश्नाच्या उत्तरात वऱ्हाडातील अचलपूरचे स्थान मोठे आहे. इंग्रजी कागदपत्रांत एलिचपूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ठिकाणी तेव्हा लष्करी छावणी होती. तेथे कामावर असलेले वैद्यकीय अधिकारी विल्यम ग्लेन लिस्टन यांनी वर्षभर अॅनोफिलिस डासांच्या सवयींचे निरीक्षण केले आणि ते १९०१ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यांनी अॅनोफिलिस स्टीफेन्सी या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. हिवतापाचे अभ्यासक जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स यांचे नाव तिला देण्यात आले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या जातीवर संशोधन चालते, तिच्या शास्त्रीय नावापुढे लिस्टन यांचे नाव आणि १९०१ हे साल लिहिले जाते. पुढे हेच लिस्टन परळच्या जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळेचे संचालक झाले. १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते, ती हीच प्रयोगशाळा होय.

लिस्टन यांच्या कामाचे महत्त्व केवळ एका नावापुरते नाही. डास पकडून काचेखाली ओळखणे, त्याच्या अळ्या कोणत्या पाण्यात सापडतात याची नोंद ठेवणे आणि हे काम ऋतुमानानुसार चालू ठेवणे, ही हिवतापाच्या अभ्यासाची मूलभूत पद्धत आहे. तीस मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नसते. चिकाटीची व नेमकेपणाची मात्र असते.

मुंबईच्या विहिरी

या पद्धतीचा शहराच्या पातळीवर पहिला मोठा उपयोग मुंबईत झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कोट भागात आणि बंदराच्या परिसरात हिवतापाचा जोर होता. डॉ. चार्ल्स बेंटले यांनी या प्रश्नाची पाहणी करून १९११ साली आपला अहवाल सादर केला. शहरात अॅनोफिलिस स्टीफेन्सी हा मुख्य वाहक असून त्याची पैदास प्रामुख्याने घरोघरच्या विहिरींत होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वास्तविक मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० पासून आणि तानशाचे पाणी १८९२ पासून नळाने मिळत होते. पिण्यासाठी विहिरींची गरज कमी झालेली होती. पण विहिरी तशाच राहिल्या होत्या. त्या बुजवाव्यात किंवा त्यांवर डास जाणार नाही अशी झाकणे बसवावीत, अशी मोहीम महापालिकेने हाती घेतली. तिला विरोधही झाला. विहीर ही अनेकांच्या दृष्टीने केवळ पाण्याची सोय नव्हती. पूजाअर्चा, नवस आणि व्रते तिच्याशी जोडलेली होती. हिंदू, पारशी व इतर समाजांतील अनेक कुटुंबांना विहीर बंद करणे मान्य नव्हते. यातून विहिरीवर बारीक तारेच्या जाळीची झडप बसविण्याचा मध्यम मार्ग पुढे आला. महापालिकेच्या सेवेतील अभ्यासू अधिकारी रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी या वादातूनच प्रेरणा घेऊन जलपूजेच्या लोकसमजुतींवर ग्रंथ लिहिला. तो १९१८ साली प्रसिद्ध झाला.

रोगनियंत्रणाच्या इतिहासात या प्रसंगाला महत्त्व आहे. शास्त्रीय निष्कर्ष अचूक असूनही तो अमलात आणताना लोकांच्या श्रद्धा व गरजा जाणून घ्याव्या लागतात. आणि तसे केल्यास जाळीच्या झडपेसारखा साधा तोडगा सापडू शकतो. १९२८ साली गॉर्डन कोव्हेल यांनी मुंबईतील हिवतापाची पुन्हा सविस्तर पाहणी केली. तोपर्यंत विहिरींच्या जोडीला इमारतींवरील पाण्याच्या टाक्यांचा प्रश्नही ठळक झाला होता. टाकीला घट्ट झाकण असावे आणि तपासनीसाला तेथवर पोचण्यासाठी शिडी असावी, या मुंबईत आजही लागू असलेल्या नियमांमागे ही परंपरा आहे.

फवारणीचे यश आणि तिची मर्यादा

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे प्रभावी कीटकनाशक हाती आले. तत्कालीन मुंबई प्रांताच्या धारवाड व कारवार भागांत डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे मोठे प्रयोग केले. खेड्यातील वाहक डास माणसाचे किंवा जनावराचे रक्त प्याल्यानंतर घराच्या अथवा गोठ्याच्या भिंतीवर विसावतो. भिंतीवर औषध असल्यास तो तेथेच मरतो. हे तत्त्व यशस्वी ठरले आणि त्याच्या आधारे १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम, तर १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे व आठ लाख मृत्युमुखी पडत, असा अंदाज होता. १९६५ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास उतरली.

हे यश टिकले नाही. डास औषधाला दाद देईनासे झाले, देखरेख शिथिल झाली आणि १९७६ साली रुग्णसंख्या पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. शहरांचा वाटाही दुर्लक्षिला गेला होता. टाकीत वाढणाऱ्या डासाचा बंदोबस्त भिंतीवरील फवारणीने पुरेसा होत नाही. त्यास अळीच्या अवस्थेतच गाठावे लागते. हे ओळखून १९७१ मध्ये नागरी हिवताप योजना आखण्यात आली. तिचा भर अळीनाशक उपायांवर होता आणि आजही आहे.

अलीकडच्या काळातील प्रगती आशादायक आहे. देशात २०१५ साली हिवतापाचे सुमारे ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ साली ही संख्या २ लाख २७ हजारांच्या घरात आली. २०३० पर्यंत हिवतापाचे निर्मूलन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. तथापि रुग्ण कमी होणे आणि रोग नाहीसा होणे यांत किती अंतर असते, हे १९६५ ते १९७६ या अकरा वर्षांनी दाखवून दिलेले आहे.

बांधकामावरील मजूर

शहरी हिवतापाचा सर्वांत मोठा भार कोण वाहतो, याचे उत्तर गोव्यातील अनुभवावरून मिळते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजी व परिसरात हिवतापाच्या साथी उद्भवल्या. तो वेगाने चाललेल्या बांधकामांचा काळ होता. बांधकामावर पाणी मुरविण्यासाठी केलेली तळी, उघडे हौद आणि अर्धवट इमारतींच्या तळघरांत साचलेले पाणी ही डासांची उत्पत्तिस्थाने होती आणि शेजारीच तात्पुरत्या झोपड्यांत मजुरांची कुटुंबे राहत होती. त्यांतील अनेक जण देशाच्या हिवतापग्रस्त भागांतून आलेले होते. रुग्ण आणि डास एकाच आवारात एकत्र आले.

राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेच्या गोव्यातील क्षेत्र केंद्राने या प्रश्नावर दीर्घकाळ काम केले. अळ्यांना मारणारा पण माणसाला अपाय न करणारा एक जीवाणू आणि स्थानिक पाण्यात आढळणारा अळीभक्षक मासा यांचा स्टीफेन्सी डासावर होणारा परिणाम प्रत्यक्ष वस्तीत तपासण्यात आला. या प्रयोगांचा वृत्तांत १९९८ साली प्रसिद्ध झाला. दुसरीकडे, सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली बांधकाम मजुरांची रक्ततपासणी करून त्यांना आरोग्यपत्र देण्याची व्यवस्था करण्यात आली. उपाय पाण्याकडून आणि रुग्णाकडून असे दोन्ही बाजूंनी योजले गेले, हे येथे विशेष होय.

यामागील शास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. अॅनोफिलिसची मादी हिवतापाचा जंतू घेऊन जन्मास येत नाही. रुग्णाचे रक्त शोषल्यानंतर तो तिच्या शरीरात जातो आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी ती इतरांना रोग देण्यास समर्थ होते. म्हणजे रुग्णावर तत्परतेने उपचार झाले, तर डास असूनही साखळी तुटते. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापात एक अडचण असते. त्याचा जंतू यकृतात सुप्तावस्थेत राहतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. म्हणून तीन दिवसांच्या औषधानंतर वैद्यकीय सल्ल्याने चौदा दिवसांचे दुसरे औषध पूर्ण करावे लागते. गर्भवती स्त्रिया, तान्ही मुले आणि रक्तातील विशिष्ट दोष असलेल्या व्यक्तींना ते देता येत नाही. त्यामुळे ते मनाने घेणेही योग्य नव्हे.

रोजंदारीवरचा मजूर ताप उतरताच तिसऱ्या-चौथ्या दिवशी कामावर जातो, औषध अपुरे राहते, काम संपले की तो दुसऱ्या शहरी जातो आणि जंतू त्याच्याबरोबर प्रवास करतो. याचा दोष त्याच्या अज्ञानाला देणे सोपे आहे. खरे कारण असे, की एका दिवसाची मजुरी बुडाली तर त्याच्या घरची चूल अडते. पाण्याचेही तसेच आहे. ज्यास चोवीस तास पाणी मिळते, त्यास पिंप भरून ठेवण्याची गरज नसते. ज्याच्या नळाला ठरावीक वेळीच पाणी येते किंवा ज्याच्या घरी नळच नाही, त्यास ते भरून ठेवावेच लागते. पाणी साठविणे हा गरिबाचा निष्काळजीपणा नव्हे, ती त्याची निकड आहे. या दृष्टीने पाहता नियमित व पुरेसा पाणीपुरवठा ही हिवताप नियंत्रणाची योजनाच म्हणावी लागेल.

आफ्रिकेच्या शहरांपुढील संकट

अचलपूरला ओळखल्या गेलेल्या या डासाची कथा आता एका खंडापुरती उरलेली नाही. दक्षिण आशिया आणि अरबस्तानचा परिसर हे अॅनोफिलिस स्टीफेन्सीचे मूळ क्षेत्र. २०१२ साली हा डास आफ्रिकेतील जिबुती या लहानशा देशात आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते; २०२० साली ही संख्या ७३ हजारांवर गेली. त्यानंतर इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया अशा देशांत त्याचे अस्तित्व सिद्ध झाले.

आफ्रिकेत हिवताप नवा नाही. परंतु तेथील पारंपरिक वाहक जाती मुख्यतः पावसाच्या उघड्या डबक्यांत वाढतात. त्यामुळे खेड्यांच्या मानाने शहरे आणि पावसाळ्याच्या मानाने कोरडे महिने तुलनेने सुरक्षित असत. टाकीत व पिंपात वाढणाऱ्या या डासाने ती सुरक्षितता धोक्यात आणली आहे. इथिओपियातील दिरे दावा या शहरात २०२२ साली ऐन कोरड्या दिवसांत हिवतापाची साथ आली. संशोधकांनी रुग्णांच्या घरांच्या आसपासचे पाणीसाठे तपासले, तेव्हा स्टीफेन्सीच्या अळ्या असलेले पाणी जवळ असणे आणि हिवतापाची लागण होणे यांचा निकटचा संबंध आढळला. हा डास आफ्रिकेत सर्वत्र पसरल्यास तेथील शहरांतील आणखी १२ कोटी ६० लाख लोकांना धोका पोचू शकेल, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यक्त करण्यात आला. त्याच्या प्रतिबंधासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये स्वतंत्र उपक्रम सुरू केला.

मुंबईने एका शतकापूर्वी विहिरींवर बसविलेली झाकणे, टाकीच्या शिड्या आणि गोव्यातील बांधकामांवरचे काम यांकडे आज तेथील आरोग्य अधिकारी मार्गदर्शनासाठी पाहू शकतात. उष्ण प्रदेशातील गरीब वस्त्यांत केलेले संशोधन अशाच दुसऱ्या वस्त्यांच्या कामी येते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

ग्रामपंचायतींसाठी इशारा

हा शहरांचा प्रश्न आहे, आपला नव्हे, असे ग्रामपंचायत सदस्यांना वाटण्याचा संभव आहे. भाईंदरचाच इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली. २००२ साली तिची महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या आठ लाख नऊ हजारांवर पोचली. मिठागरांच्या गावांचे महानगर होण्यास तीन दशकेही लागली नाहीत. महामार्ग, रेल्वे स्थानक किंवा औद्योगिक वसाहत जवळ असलेल्या राज्यातील अनेक गावांत आज इमारती उभ्या राहत आहेत, घरांवर टाक्या चढत आहेत आणि बाहेरगावचे मजूर येत आहेत. घरांवर टाक्या चढल्या, की शहरी हिवतापाचा डास तेथे पोचण्यास वेळ लागत नाही. गावाला नगराचा दर्जा मिळेपर्यंत तो थांबत नाही.

स्थानिक पातळीवर करता येण्यासारखे

अॅनोफिलिसच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास अनुकूल हवामानात साधारणतः आठ ते बारा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी केल्यास अळीचा डास होऊ शकत नाही. कोरडा दिवस पाळण्यामागचे शास्त्र हेच आहे. एडिसची अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटून कोरड्या अवस्थेतही दीर्घकाळ टिकतात; यास्तव भांडे नुसते उपडे न करता आतून घासणे जरूर आहे.

मोठी टाकी दर आठवड्यास रिकामी करणे व्यवहार्य नसते. तेथे घट्ट बसणारे झाकण आणि हवेच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी हाच खात्रीचा उपाय होय. तडा गेलेले झाकण किंवा दगड ठेवून अर्धवट मिटलेले तोंड डासाला पुरेसे असते. टाकी उघडी की बंद, हे पाहण्यासाठी तेथपर्यंत जाता आले पाहिजे. म्हणून पक्की शिडी हवी. वापरात नसलेल्या विहिरी व शोभेचे हौद यांत गप्पी मासे सोडता येतात. मात्र हे मासे नद्या, ओढे व नैसर्गिक तळ्यांत सोडू नयेत. तेथील मूळच्या माशांना त्यांच्यापासून अपाय होतो.

धुराच्या फवारणीविषयी स्पष्ट बोलणे जरूर आहे. धूर उडत्या डासांना मारतो आणि त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो. पाण्यातील अळ्यांवर त्याचा परिणाम होत नाही. काही दिवसांत त्यांचे नवे डास तयार होतात. साथीच्या वेळी फवारणीस स्थान आहे, परंतु वर्षभराचा निधी धुरावर खर्च करून टाक्यांची पाहणी न करणे म्हणजे नळ उघडा ठेवून जमीन पुसण्यासारखे होय.

शिक्षकांना या कार्यात मोठा वाटा उचलता येईल. अॅनोफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर तरंगते, तर क्युलेक्स व एडिसच्या अळ्या शेपटीकडील नळी पृष्ठभागाला लावून खाली लोंबकळतात. पूर्ण वाढलेला अॅनोफिलिस भिंतीवर तिरका, शरीराचा मागील भाग वर करून बसतो. क्युलेक्स जवळजवळ समांतर बसतो. पांढऱ्या वाटीत घेतलेल्या पाण्यात हा फरक सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनाही दिसतो. शाळेच्या परिसरातील किती भांडी तपासली, त्यांपैकी कितींत अळ्या आढळल्या, याची आठवड्याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवली, तर विज्ञानाच्या पाठाबरोबरच गावासाठी उपयुक्त माहितीही तयार होते. आरोग्य विभागाचे कर्मचारी अळ्यांचे निर्देशांक काढतात, ते याच हिशेबाने.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे काम पावसाळ्यापूर्वी करावयाचे आहे. मे महिन्यातच विहिरी, टाक्या, बांधकामे आणि मजुरांच्या वस्त्या यांची यादी तयार असावी. बांधकामाची परवानगी देताना साठविलेल्या पाण्याची व्यवस्था आणि मजुरांच्या रक्ततपासणीची सोय यांची अट घातली जावी व ती पाळली जाते किंवा नाही, हे पाहिले जावे. थंडी वाजून ताप आलेल्या प्रत्येकाचा रक्तनमुना तत्काळ तपासला जावा, आणि उपचार सुरू झालेला रुग्ण चौदाव्या दिवसापर्यंत औषध घेतो की नाही, याचा पाठपुरावा आशा स्वयंसेविका व आरोग्य कर्मचाऱ्यांनी करावा. तो मजूर स्थलांतर करणार असेल, तर उरलेले औषध आणि उपचाराची नोंद त्याच्याजवळ द्यावी.

टाकीवरील झाकणाची किंमत एका कुटुंबाला परवडते. इमारतीवरील टाकीची जबाबदारी मात्र तेथील सर्व रहिवाशांची असते. उघड्या टाकीतून उठलेला डास मालक आणि मजूर असा भेद करीत नाही, परंतु आजारपणाचा खर्च व बुडालेली मजुरी यांचा भार दोघांवर सारखा पडत नाही. म्हणून या वर्षीच्या पाहणीस निघणाऱ्या प्रत्येक पथकाने खाडीच्या काठाइतकेच गच्चीच्या शिडीकडे लक्ष द्यावे. तपासलेल्या टाक्यांची संख्या आणि त्यांपैकी उघड्या आढळलेल्या टाक्यांची संख्या हे दोन आकडे दर महिन्याला नागरिकांसमोर ठेवले गेले, तर पुढचे काम कोठे करावयाचे, हे कोणालाही विचारावे लागणार नाही.